पिवळा काटा

७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, हवापाणी हे सगळं लिहून झालंय असं समज. दोन वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि मी तुझ्याशी, तेव्हा आता लाडीगोडी लावत बसत नाही. पत्र एका कामासाठी लिहितेय. काम यांचं आहे, माझं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे जानेवारीअखेर रिटायर होताहेत. उभा जन्म बस चालवली, त्यामुळे डेपोत भाषणं, शाल, हार काय व्हायचं ते होईल. घरी काय करू, म्हणून मी विचारलं. वाटलं होतं, माणूस आरामखुर्ची मागेल. तर म्हणाले, "बिडाच्या भांड्यातलं फॉन्ड्यू कर. आणि चारही काटे टेबलावर पाहिजेत." एवढं बोलून परत पेपरात तोंड घातलं.

चार काटे म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. एकाच भांड्यातल्या वितळलेल्या चीजमध्ये चौघांनी पाव बुडवायचा, म्हणून ज्याचा त्याचा काटा ठिपक्याच्या रंगावरून ठरलेला. लाल ठिपक्याचा माझा. निळा बाबांचा होता, तो यांच्याकडे आला. आईचा हिरवा आता वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वापरतात. पिवळा तुझा. तुझ्यामागे त्याला कुणीही हात लावलेला नाही, अगदी बरणीतली मिरची काढायलासुद्धा नाही.

ये असं मी म्हणत नाहीये. मी फक्त कळवतेय.

भांडं सापडलं ते माझ्या कामाच्या खोलीत, पडद्याच्या कापडाच्या ताग्यांमागे. मीच तिथे ढकललं होतं, डोळ्यांसमोर नको म्हणून. ते बघितल्यावर तो सगळा तमाशा आठवला. तू सोयीने विसरली असशील म्हणून लिहिते. तुझी बदली झाली, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून निघालीस, म्हणून त्या रात्री जेवण ठेवलं. मी म्हटलं, आज तरी मी ढवळते. चमचा धरून चार फेरे मारले नसतील, तर आलीस आणि "दे इकडे, तुला नाही जमायचं." बुटाच्या नाड्या बांधायच्या वयापासून हे वाक्य ऐकतेय मी. वेणी घालताना, गणितं सोडवताना, पहिला पडदा बेतताना. त्या दिवशी चमचा सोडला नाही, एवढंच. तू ओढलास, मी ओढला, आणि निम्मं चीज डॉक्टरीणबाईंच्या स्वेटरवर. मग मी म्हटलं, ने हे भांडं आणि तिकडे एकटीच ढवळत बस. तू हात धुतलेस, बॅग उचललीस आणि गेलीस. भांडं काही नेलं नाहीस.

तर काल मी करून बघितलं. करून बघायलाच हवं होतं, कारण इतक्या वर्षांत चमचा माझ्या हातात आला कुठे? भांड्याला आतून लसूण चोळली, ते आठवत होतं. मोठ्या आचेवर वाइन खळखळून उकळली. चीजचे दोन्ही ठोकळे, तुकडे करून, एकदम आत. ताई, खाली रबराचा गोळा आणि वर पिवळं पाणी. गोळा काट्याने उचलला तर भांडं बरोबर वर आलं. यांनी दोन घास मुकाट्याने चावले. तिसऱ्याला म्हणाले, "खिडकीची फट बुजवायची होती, त्यासाठी थोडं ठेव."

बाकी सगळं ठीक.

धाकटी


२२ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. वॉर्डात नोटीस लावतात तसं. "चीज किसावे. कॉर्नफ्लोअर चोळावे. वाइन उकळू देऊ नये, वाफ दिसली की पुरे. एकेक मूठ घालावी, पहिली विरघळल्यावर दुसरी. आठचा आकडा काढत ढवळावे." मी तिथेच जिन्यात उभी राहून वाचलं आणि हसू आवरेना. बोलायचं नाही म्हणून दोन वर्षं अढी धरून बसलीस आणि चीजचा गोळा झाला म्हटल्यावर राहवलं नाही ना? अक्षर मात्र तसंच आहे, काना म्हणजे इंजेक्शनची सुई.

यांनी कार्ड फ्रिजवर लावलं. येताजाता वाचतात. मी सांगितलं, यात तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणाले, "नसू दे. पोस्टात टाकलं ना मेट्रनबाईंनी?"

लगेच रविवारी दुसऱ्यांदा केलं. सगळं तू लिहिलंस तसं. किसलं, चोळलं, मूठमूठ घातलं. आठचा आकडाही काढला. मनगट दुखायला लागलं तरी काढत होते, आणि तरी एका बाजूला चीज लागलंच. हे मागून बघत होते. म्हणाले, "तू मराठी आठ काढतेयस." आता तूच सांग, आठ म्हटल्यावर माझ्या हातातून दुसरा कुठला निघणार? शाळेपासून हाच गिरवलाय. आमच्या आठाला एक बाजू उघडी, तिथेच सगळं करपलं.

आणि वाइन घरात होती तीच घातली, डॉक्टरीणबाईंनी कधीतरी दिलेली. गोड निघाली. गोळा झाला नाही, पण दोरे सुटले. काटा तोंडाशी नेला तरी दुसरं टोक भांड्यातच. यांच्या हनुवटीपासून टेबलापर्यंत चीजची दोरी लोंबत होती आणि डॉक्टरीणबाई ती कात्रीने कापत होत्या, माझ्या पडद्याच्या कात्रीने. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

बाबांचा कायदा अजून चालू आहे बरं का. ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याने डाव्या हाताला बसलेल्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट मोठ्याने बोलायची, आणि ती खरी हवी. यांचा पाव दर चौथ्या घासाला पडतो, बाबांसारखाच. त्यांच्या डावीकडे डॉक्टरीणबाई. तुमचा हात हलका आहे, तुम्ही जिना आवाज न करता चढता, असं बोलून झालं. शेवटी काही सुचेना तेव्हा म्हणाले, तुमचे स्वतःचे दात फार छान आहेत. बाई लाजल्या की गं.

माझाही पडला. तू शिकवलंस तसंच टोचते मी, मऊ बाजूने आत आणि टोक कडक सालीत रुतवायचं, साल पकडून ठेवते. पण पाव ताजा होता, सालच मऊ. तुझा आठवतो का कधी पडलेला? एकदाही नाही. बाबा काय काय युक्त्या करायचे, मध्येच गुदगुल्या करायचे, टेबलाखालून पाय मारायचे. तू हूं की चूं नाही. त्यामुळे तुझ्या तोंडून माझ्याबद्दल चांगलं काही ऐकायचा योग जन्मात आला नाही. असो, गंमत केली.

यांनी नमस्कार सांगितलाय.

धाकटी


१२ डिसेंबर

ताई,

या वेळचं कार्ड जरा लांब आलं. "इंग्रजी आठ. देवा. आणि गोड वाइन कोणी घालायला सांगितली? आंबट हवी, आंबटपणा नसेल तर लिंबू पिळ. पाव आदल्या दिवशीचा घे. तुझं मनगट अजून दुखतं का?"

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं, विचारू नकोस. त्या नोटिशीनंतर एकदम "तुझं". दुकानात आलेली एक बाई पडद्याची मापं सांगत होती आणि माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, तिच्या खिडक्या फार मोठ्या आहेत म्हणून. मनगट दुखतं अधूनमधून, जाड अस्तर कापलं की. रात्री गरम पाण्यात धरते. तू पूर्वी सांगितलेला व्यायाम करते, म्हणजे आठवला की करते.

आता फॉन्ड्यूचं. काय सांगू, पुन्हा बिघडलं. साफ फाटलं. वाइन कडकडीत उकळली, चीज एकदम पडलं, लिंबू पिळायला विसरले, सगळं एकदमच चुकलं. पाणी वेगळं, चोथा वेगळा. मला तर इतकं वाईट वाटलं. शेवटी खालची खरवड कोणी खायची यावरून हे आणि डॉक्टरीणबाई भांडले, बाईंनी सुरीने सोडवून अर्धी पळवलीच. पण ते जाऊ दे. माझ्याच्याने काही होणार नाही असं दिसतंय. तू म्हणायचीस तेच खरं.

काय करू ते सविस्तर कळव. कार्डावर मावलं नाही तर पाकिटात पाठव.

धाकटी


९ जानेवारी

ताई,

एका कार्डावर एकच शब्द लिहून पाठवायला पोस्टाचा पैसा खर्च करणारी तू पहिलीच असशील. "लबाड." खाली बारीक अक्षरात, "फाटलेल्या चीजच्या खरवडीवरून कोणी भांडत नाही."

कपाळाला हात लावला मी. पत्र टाकायच्या आधी यांना वाचून दाखवलं होतं, त्यांच्याही लक्षात आलं नाही. तू म्हणजे ना! ऑपरेशन झाल्यावर कापसाचे बोळे मोजून घ्यायचीस, तसंच माझं पत्र वाचलंस.

बरं, पकडलंस तर सगळं सांगते. त्या दिवशी झालं, ताई. असं झालं की काय सांगू. वाइनमधून नुसती वाफ यायला लागली आणि पहिली मूठ टाकली. इंग्रजी आठ. आधी किस वेगळा, वाइन वेगळी. मग हळूच कडा विरघळल्या, दुसरी मूठ, तिसरी, आणि मधेच कधीतरी चमचा जड झाला. सायीसारखं, गुळगुळीत, चमचा उचलला की सलग पट्टी पडत होती. वर जायफळ किसलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. खाली भांड्याच्या तळाला सोनेरी खरवड धरली, बिस्किटासारखी कुरकुरीत. हे दोन घास खाऊन थांबले, चष्मा काढून पुसला, परत लावला. मला वाटलं, काही चुकलं. म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचं असंच लागायचं."

सगळे जेवत होते आणि मी बसले होते रडकुंडीला येऊन. कारण आता काय लिहायचं? छान झालं म्हटलं की संपलं. तू चुकांना उत्तर देतेस. चुकाच नसतील तर कार्ड कशाला येईल? दोन वर्षं दारातली पत्रांची पेटी मी दिवसातून दोनदा उघडून बघत होते, ते तुला माहीत नाही. दोन कार्डं आली होती. तिसरं यायचं थांबेल म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन हिशोबाने खोटं पत्र लिहिलं, आणि तेही धड जमलं नाही.

म्हणून आता सरळ लिहिते. ये. यांच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. एकतीस तारखेला संध्याकाळी. यांना बस शेवटची डेपोत लावून घरी यायला अंधार पडेल, त्याच्या आत पोहोचलीस तर बरं. मला तू हवी आहेस. भांडायला, नाकं मुरडायला, काय वाटेल ते करायला, पण समोर हवी आहेस.

फक्त एक. चमचा मी देणार नाही. आधीच सांगते, नंतर तोंड फुगवायचं नाही. तुला ते जमणार नसेल तर तसंही कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला दाखवणार नाही.

तुझी धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

पोहोचल्याचा फोन केलास, बरं केलंस. फोनवर गाडीची गर्दी आणि गुडघा यांवरच बोललो, नेहमीसारखं. खरं बोलायचं ते राहिलं. आता तू आणि मी समोरासमोर बोलू शकतो म्हटल्यावर पत्र कशाला, असं हे म्हणतात. पण काही गोष्टी मला लिहूनच जमतात.

कार्ड आलं नाही तेव्हा मी धरून चालले होते की तू येत नाहीस. तरी पिवळा काटा घासून ठेवला. दारावर टकटक झाली तेव्हा मला वाटलं, डॉक्टरीणबाई लवकर उतरल्या. दार उघडते तर तू. केस किती पांढरे केलेस गं! हे मी दारातच बोलले त्याबद्दल रागावू नकोस, दुसरं काही तोंडातून फुटेना. आणि तूही कमी नाहीस, "सांधा फुगलाय" म्हणत आधी माझं मनगट धरलंस. मग तसंच धरून ठेवलंस. पुढचं लिहीत नाही, दोघींना माहीत आहे.

तू चेरीच्या दारूची बाटली आणलीस. शेवटी एक घोट घालायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं, कार्डावर कुठे लिहिलंयस? पण तू ती ओतली नाहीस. ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, घालायची तर घाल. मी ढवळत होते तेव्हा तू स्टुलावर बसली होतीस, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तुला वाटलं असेल माझं लक्ष नाही. ताई, माझं सगळं लक्ष तिथेच होतं, एक आठ त्या नादात मराठी निघाला. तू बघितलंस. तुझा खांदा हलला, ओठ हलले. पण बोलली नाहीस. तुला किती त्रास झाला असेल ते मीच जाणे. आमच्या दुकानात शिलाईवर एखादीने टीप वाकडी घातली की मलाही असंच हात बांधून बसावं लागतं.

मग हे आले, गळ्यात हार, हातात बसची जुनी पाटी. तुला बघून दारात थबकले. "मेट्रनबाई" एवढंच म्हणाले आणि हार काढून तुझ्या गळ्यात घातला. डॉक्टरीणबाई तोच स्वेटर घालून आल्या होत्या, डागासकट. मुद्दाम गं! इतक्या वर्षांत त्या बाई विनोद करताना मी पहिल्यांदा बघितल्या.

आणि आता मुद्द्यावर येते.

यांनी तुझी खुर्ची डॉक्टरीणबाईंच्या उजव्या हाताला मांडली होती. तू म्हणालीस, खिडकीतून वारा येतो, मी इकडे बसते. खिडकी बंद होती, ताई. पडदाही ओढलेला होता, माझ्याच हातचा, दुहेरी अस्तराचा, त्यातून वारा कुठला येतोय? पण तेव्हा मला वाटलं, प्रवासाने अंग कसकसत असेल. तू उठून बसलीस आणि तुझ्या डावीकडे मी आले.

पहिलाच घास. तू पाव टोचलास, भांड्यात घातलास, इंग्रजी आठ काढलास, काटा वर घेतलास. रिकामा. तुझा पाव! मला वाटलं, हात थरथरतो की काय हिचा, वय झालं. हे मात्र खूश. काटा टेबलावर आपटून म्हणाले, कायदा म्हणजे कायदा, मेट्रनसाठीही तोच.

तू रिकाम्या काट्याकडे बघत बसलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हे मला जमलं नसतं."

बस्स. तेवढंच. आणि लगेच "आता खा, गार होतंय" म्हणून सगळ्यांवर खेकसलीस. त्यानंतर जेवण संपेपर्यंत मी काय खाल्लं, काय बोलले, मला आठवत नाही. यांनी बस उलटी घातल्याची गोष्ट सांगितली म्हणतात, मी हसलेही म्हणतात. माझ्या कानात ते एकच वाक्य. बुटाच्या नाड्यांपासूनचं सगळं त्याने एका दमात धुऊन काढलं. लहान पोरीसारखा आनंद झाला मला, ताई. अजून आहे. काल वीस पडद्यांच्या चुण्या घातल्या आणि दिवसभर गात होते. शेजारच्या मशीनवरची विचारत होती, सोडत लागली का.

तू झोपायला गेलीस, तेव्हा मी भांडं घासायला घेतलं. खरवड सगळी संपली होती, फक्त कडेला एक तुकडा चिकटला होता. तुझा पाव. चीजमध्ये बुडून, भाजून, तळाला बसलेला. सुरीने सोडवला, दिव्याखाली धरला आणि बघतच राहिले. भोक होतं मऊ बाजूला, जेमतेम. साल अगदी शाबूत. काट्याचं टोक सालीपर्यंत गेलंच नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही पाव न पाडणारी माझी बहीण, तिने पाव नुसता टेकवला होता काट्यावर.

तिथेच ओट्याशी उभी राहून मी हसले आणि रडले. हे पाणी प्यायला उठले, त्यांना तो तुकडा दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, म्हणाले, जपून ठेव. मी म्हटलं, छे, आणि तोंडात टाकला. फार मस्त लागला, सांगून ठेवते. पुरावा उरलेला नाही, तेव्हा नाकबूल करायचं असेल तर खुशाल कर.

पुढच्या वेळी पाव नीट टोच. बोलायचं असेल तर असंच बोल, मी ऐकेन. मीही फाटलं-बिघडलं लिहिणार नाही.

आणि त्या कार्डावरचा तुझा एक शब्द इतके दिवस मी फ्रिजवर लावून ठेवला होता. तो आता ज्याचा त्याला परत पाठवतेय.

लबाड.

तुझी
धाकटी